कंपनी बंद पडली, माल आपल्या फळीवर! मालिकेचा माल विकणाऱ्या दुकानदारासाठी धडा



या आठवड्याच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "सर, आमचं तर छोटं दुकान. मोठी कंपनी बंद पडली तर आम्हाला काय फरक पडतो? दुसऱ्या कंपनीचा माल ठेवू." साबण, बिस्किट, वही विकत असाल तर ही गोष्ट बरीचशी खरी आहे. एक साबण गेला तर गिऱ्हाईक दुसरा घेतं. पण काही माल असा असतो की त्याची किंमत पुढच्या मालावर अवलंबून असते. अल्बममध्ये चिकटवायची चित्रं, खेळायचे पत्ते, छोट्या पुतळ्यांचे खेळ, कॉमिक्स, मासिकं. याला मी "मालिकेचा माल" म्हणतो. आज त्याचाच धडा आहे. व्हिडिओत वेळेअभावी हिशोब दाखवता आला नाही, तो इथं पूर्ण दिलाय. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझीच चूक

उमापूरला माझ्या दुकानाचं तिसरं वर्ष होतं. शालेय साहित्य, खेळणी, गिफ्ट असा माल. दसरा-दिवाळीच्या आसपास आपल्या भागात ऊसतोडीची उचल हातात येते, गावात पैसा फिरतो. त्यानंतर माणसं कारखान्यांकडं निघून जातात आणि बाजार थंड पडतो. त्यामुळं या दोन-तीन आठवड्यांत जितकं विकता येईल तितकं विकायचं, हा आपला सगळ्यांचा हिशोब.

तेव्हा लेकरांत एका चित्रांच्या पाकिटाचं वेड होतं. १० रुपयांचं बंद पाकीट. आत कोणती चित्रं आहेत ते फोडल्याशिवाय कळत नाही. अल्बममध्ये ६० जागा. अल्बम भरला की कंपनीकडून बक्षीस. मी दर वेळी ५ बॉक्स घ्यायचो. एका बॉक्समध्ये ६० पाकिटं, मला पाकीट साडेआठ रुपयांना पडायचं. सेल्समन म्हणाला, "एकदम ३० बॉक्स उचला, आठ रुपयांनी लावतो." मी मोबाईल काढला, गुणाकार केला आणि खूश झालो. १,८०० पाकिटांवर अर्धा रुपया म्हणजे ९०० रुपये वाचले! एकूण बिल १४,४०० रुपये. त्यातले १०,००० रुपये बायकोनं तिच्या बचत गटातून महिना २ टक्क्यांनी काढून दिले. बाकीचे गल्ल्यातले.

साधारण ७०० पाकिटं विकली गेली आणि मग विक्री एकदम थांबली. कारण काय, तर कंपनीनं ती मालिकाच बंद केली होती. कुणी कळवलं नाही. सेल्समननं फोन उचलणं बंद केलं. ठोक व्यापारी म्हणाला, "माल परत घेत नाही, बिलावर लिहिलंय बघा." खरंच लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

पैसे गेले ते गेलेच. पण एक लेकरू रोज यायचं. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, आजीजवळ राहायचं. त्याच्या अल्बममध्ये ५८ चित्रं भरलेली. रोज विचारायचं, "काका, राहिलेली दोन कधी येणार?" आणि मी रोज म्हणायचो, "येतील." मला माहीत होतं की नवीन माल येणार नाही. तरी मी म्हणत होतो, कारण "येतील" म्हटलं की ते अजून एक पाकीट घ्यायचं. आजीनं दिलेल्या दहा रुपयांचं. मित्रांनो, धंद्यातल्या माझ्या सगळ्या चुकांमध्ये मला लाज वाटते ती याची. त्या लेकराचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर झालं

आता माझ्या दुकानातून थोडं लांब जाऊ. विझकिड्स नावाची कंपनी जॉर्डन वाइसमन यांनी २००० साली अमेरिकेत सुरू केली. छोट्या रंगवलेल्या पुतळ्यांचे खेळ हा त्यांचा माल. आधी 'मेज नाइट' आणि २००२ मध्ये 'हीरोक्लिक्स'. हीरोक्लिक्समध्ये मार्व्हल आणि डीसीचे सुपरहिरो होते. पुतळ्याच्या गोल बुडात एक फिरणारी चकती. पुतळ्याला मार बसला की चकती फिरवायची, त्याची ताकद किती उरली ते खिडकीत दिसतं. कागदावर हिशोब मांडायची गरज नाही. विक्री बंद पाकिटातून, म्हणजे आत कोण निघेल ते माहीत नाही. आमच्या गावातल्या १० रुपयांच्या पाकिटाचीच ही महागडी पद्धत समजा.

२००३ मध्ये टॉप्स या मोठ्या कंपनीनं विझकिड्स विकत घेतली. खेळाडूंची कार्डं छापणारी ती हीच टॉप्स. पुढं २००७ मध्ये टॉप्सचेच मालक बदलले. आणि नोव्हेंबर २००८ मध्ये, जगभर मंदी चालू असताना, टॉप्सनं जाहीर केलं की विझकिड्स बंद. महिना लक्षात घ्या. नोव्हेंबर म्हणजे त्यांच्याकडं नाताळचा माल दुकानात भरलेला असतो. आपल्याकडं धनत्रयोदशीच्या आठवड्यात अशी बातमी यावी तसं झालं.

ज्या दुकानांत हा खेळ चालायचा, तिथं काय काय तुटतं ते समजून घ्या. अशी दुकानं नुसते पुतळे विकत नाहीत. दुकानात टेबलं मांडलेली असतात, ठरलेल्या वारी स्पर्धा होतात, कंपनी स्पर्धेसाठी खास बक्षिसाचे पुतळे पाठवते. खेळाडू खेळायला येतो आणि जाताना रंग, फासे, थंड पेय, दुसरं काही घेऊन जातो. कंपनी बंद झाली की बक्षिसं बंद, नवीन पुतळे बंद, आणि हळूहळू ठरलेल्या वारी येणारी गर्दी बंद. म्हणजे नुकसान एका फळीचं राहत नाही, आख्ख्या दुकानाचं होतं.

पुढं काय झालं? २००९ मध्ये नेका नावाच्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीनं हीरोक्लिक्स विकत घेतलं आणि खेळ परत सुरू झाला. मधल्या काळात ज्यांनी घाबरून सगळा माल मातीमोल भावात काढला, त्यांना खेळ परतल्यावर हळहळ वाटली असणारच. पण "परत सुरू होईल" या आशेवर उधारीचा माल धरून बसणं हाही शहाणपणा नाही. विझकिड्सचा प्रत्येक खेळ काही तसा परत उभा राहिला नाही. मग दुकानदारानं ओळखायचं कसं? त्याचं उत्तर आपल्या मुंबईतच सापडतं.

मुंबईचे तीन धडे: इंद्रजाल, अमर चित्र कथा, चांदोबा

*इंद्रजाल कॉमिक्स.* टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीनं मार्च १९६४ मध्ये हे सुरू केलं. फँटम म्हणजे वेताळ, जादूगार मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन. मराठीतही निघायचं. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा 'बहादूर' आला, आपल्या मातीतला नायक. आठशेहून जास्त अंक निघाले आणि १९९० मध्ये मालिका बंद झाली.

आता यातली गंमत बघा. फँटम आणि मॅन्ड्रेकचे हक्क बेनेट कोलमनचे नव्हतेच. ते अमेरिकेतल्या किंग फीचर्स सिंडिकेटचे. त्यामुळं इंद्रजाल थांबलं तरी फँटम थांबला नाही, तो दिल्लीच्या डायमंड कॉमिक्सकडं गेला. बहादूर मात्र इंद्रजालच्या घरातला होता. घर बंद झालं तेव्हा त्याला तसं दुसरं घर लगेच मिळालं नाही. म्हणजे वाचकांना आवडतो म्हणून नायक टिकतो असं नाही. त्याचा हक्क कुणाकडं आहे, यावर तो टिकतो.

*अमर चित्र कथा.* १९६७ मध्ये अनंत पै यांनी इंडिया बुक हाऊसतर्फे सुरू केलेली मालिका. १९९०च्या दशकात नवीन अंक निघणं जवळजवळ थांबलं, पण जुन्या अंकांची छपाई चालू राहिली. दुकानदाराला शिवाजी महाराजांचा अंक मागितला तर मिळत होता. २००७ मध्ये एसीके मीडिया या कंपनीनं हा व्यवसाय घेतला. आजही अंक मिळतात. एक साधं कारण लक्षात घ्या, यातला प्रत्येक अंक स्वतःत पूर्ण आहे. मागचा नसेल तरी वाचता येतो, पुढचा आला नाही तरी काही अडत नाही. असा माल फळीवर राहिला तर उशिरा का होईना, विकला जातो.

*चांदोबा.* ज्यांचं बालपण मराठवाड्यात गेलं, त्यांना वेगळं सांगायला नको. मद्रासला १९४७ मध्ये 'चंदामामा' सुरू झालं, मराठी 'चांदोबा' १९५२ मध्ये आला. विक्रम-वेताळाची गोष्ट पुढच्या महिन्यात कोणती येणार म्हणून लोक वाट बघायचे. २००७ मध्ये मुंबईच्या जिओडेसिक या सॉफ्टवेअर कंपनीनं चंदामामा विकत घेतलं. लोकांना वाटलं, आता कॉम्प्युटरवाल्यांचा पैसा आला, चांगले दिवस येतील. पण मालक कंपनीच पुढं कर्जाच्या भानगडीत अडकली आणि २०१३ मध्ये मासिक थांबलं. वाचक आधीपासून कमी होत होते, हे खरंच. पण शेवटचा घाव बसला तो मालकाच्या दुसऱ्या व्यवहारामुळं. विझकिड्सचा निर्णयही टॉप्सनंच घेतला होता. तुमच्या फळीवरचा माल कितीही चांगला विकत असला तरी त्याच्या मालकाच्या घरात काय चाललंय, ते तुमच्या हातात नसतं.

साखळी कशी तुटते

वहीत चार कडं काढा: कंपनी, ठोक व्यापारी, दुकान, गिऱ्हाईक.

कंपनी बंद होते तेव्हा तिच्याकडं साचे, हक्क आणि नाव उरतं. ते विकता येतं.

ठोक व्यापाऱ्याला बातमी आधी लागते. त्याचं गोदाम भरलेलं असतं. तो स्कीम काढतो. "एकावर एक", "३० घेतले तर इतकं कमी". म्हणून अचानक मोठी स्कीम आली की खूश होण्याआधी विचारा, आत्ताच का?

दुकानदार हा सगळ्यात शेवटी कळणारा आणि सगळ्यात आधी पैसे देणारा माणूस. हीच आपली अडचण आहे.

गिऱ्हाईकाचं नुकसान आपण मोजतच नाही. ज्यानं ५८ चित्रं जमवली, त्याचे पैसे गेले, वेळ गेला आणि विश्वास गेला. तो विश्वास कंपनीवरचा नव्हता. त्यानं कंपनी कधी बघितलीच नव्हती. त्यानं तुम्हाला बघितलं होतं.

आणि एक लक्षात ठेवा, माल थांबायला कंपनी बंदच पडावी लागते असं नाही. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. त्याआधी २०२० मध्ये बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के केलं होतं. लेकरांच्या सुरक्षेसाठी आणि इथल्या कारखान्यांसाठी हे नियम आले. पण जो दुकानदार फक्त बाहेरून येणाऱ्या एकाच मालावर बसला होता, त्याची पुरवठ्याची वाट तेवढ्यापुरती तरी अडलीच.

माल भरण्याआधी पाच प्रश्न

१. हा माल स्वतःत पूर्ण आहे की मालिकेचा? अमर चित्र कथेसारखा असेल तर धोका कमी. पुढच्या मालाशिवाय निरुपयोगी असेल तर कमी भरा.

२. हक्क कुणाचा? पाकिटामागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पात्र एका कंपनीचं आणि बनवणारी दुसरी असेल, तर बनवणारी गेली तरी पात्र दुसरीकडून परत येऊ शकतं. फँटमसारखं.

३. माल परत घेणार का? तोंडी नको, बिलावर लिहून घ्या. "बदलून देऊ" आणि "पैसे परत देऊ" यातला फरक विचारा. बंद पडलेल्या मालिकेच्या बदल्यात तीच मालिका मिळून उपयोग नाही.

४. माझी किती दिवसांची विक्री आहे? मालिकेचा माल ३ आठवड्यांच्या विक्रीपेक्षा जास्त भरू नका. स्कीम कितीही गोड असो.

५. पैसा कुणाचा? मालिकेच्या मालात कर्जाचा पैसा घालू नका. हा नियम माझ्या घरात आता बायकोनं केलाय आणि तो मी मोडत नाही.

बंद पडल्याची बातमी आली तर

पहिल्याच दिवशी उरलेला माल मोजा. अंदाजे नको, एकेक पाकीट मोजा. त्याच दिवशी ठोक व्यापाऱ्याला लेखी मेसेज पाठवा की इतका माल शिल्लक आहे, काय करता येईल. निम्मं जरी ऐकलं तरी फायदा.

मग गिऱ्हाईकाला खरं सांगा. दुकानात पाटी लावा: "ही मालिका बंद झाली आहे. नवीन चित्रं येणार नाहीत. उरलेली पाकिटं कमी भावात मिळतील." अनेकांना वाटतं, असं लिहिलं तर विक्री बुडेल. माझा अनुभव उलटा आहे.

त्यानंतर भाव कमी करा, पण एकाच वेळी आणि ठरवून. रोज रुपया-रुपया कमी केला की लोक अजून उतरण्याची वाट बघतात. थोडा माल, फार तर दहावा हिस्सा, बाजूला ठेवा. राहिलेली चित्रं शोधत लोक नंतर येतात. जुनं इंद्रजाल शोधणारे आजही आहेत. पण ते म्हातारपणाची पेन्शन समजून गोदाम भरून ठेवू नका. जुन्या मालाला भाव येतो तो तो दुर्मिळ झाल्यामुळं, आणि तुमच्यासारख्या सगळ्यांनी साठवला तर तो दुर्मिळ होतच नाही.

शेवटचं, लोकांची भेट चालू ठेवा. खेळ बंद झाला तरी खेळणारी माणसं असतातच. 'स्टार वॉर्स मिनिएचर्स' या पुतळ्यांच्या खेळाचा परवाना २०१० मध्ये संपला, कंपनीनं नवीन काढणं थांबवलं. खेळाडूंनी जुन्याच पुतळ्यांसाठी स्वतः नवीन नियमपत्रं बनवली आणि खेळत राहिले. जो दुकानदार टेबल मांडून ठेवतो, त्याच्याकडं हे लोक येत राहतात.

आता माझा हिशोब

खरेदी १,८०० पाकिटं × ८ = १४,४०० रुपये.
पूर्ण भावानं विकली ७०० × १० = ७,००० रुपये.
उरली १,१००. हातच लावला नसता तर तोटा ७,४०० रुपये.

मी शेवटी पाटी लावली. भाव निम्मा केला आणि रविवारी सकाळी दुकानासमोर सतरंजी टाकून अदलाबदलीचा दिवस ठेवला. ज्याच्याकडं जे दोनदा आलंय ते त्यानं आणायचं आणि दुसऱ्याशी बदलायचं. निम्म्या भावात १,००० पाकिटं विकली गेली, ५,००० रुपये आले. १०० पाकिटं मी त्या रविवारी फुकट वाटली.

म्हणजे एकूण आले १२,००० रुपये. मालातला तोटा २,४००. बचत गटाचं कर्ज फिटायला ८ महिने लागले. महिना २०० प्रमाणे व्याज १,६०० रुपये. एकूण तोटा ४,०००. वाचवायला गेलो होतो ९०० रुपये.

आणि ते लेकरू? अदलाबदलीच्या पहिल्याच रविवारी त्याला एक चित्र शेजारच्या वस्तीवरच्या पोरीकडून मिळालं. दुसरं तिसऱ्या रविवारी मिळालं. अल्बम भरला. कंपनीचं बक्षीस यायचा प्रश्नच नव्हता. मी माझ्याकडून कंपासपेटी दिली आणि त्याला सांगितलं की "येतील" म्हणालो ते खोटं होतं. ते म्हणालं, "मला माहीत होतं काका. आजी म्हणाली होती." मित्रांनो, आजीला माहीत असूनही ती त्याला दहा रुपये देत होती. का, ते तुम्हीच विचार करा. मला अजून त्याचं उत्तर देताना बरं वाटत नाही.

ते लेकरू आता कॉलेजला आहे. वह्या माझ्याकडूनच घेतं.

या आठवड्याचा अभ्यास

तुमचं दुकान खेळण्यांचं नसलं तरी हा धडा तुमचा आहे. मोबाईलवाल्यांनो, ज्या ब्रँडचे फोन येणं थांबलं त्याचे किती कव्हर पडून आहेत? मिक्सर दुरुस्तीवाल्यांनो, बंद झालेल्या मॉडेलचे किती पार्ट आहेत? एका पानावर तीन रकाने काढा: "स्वतःत पूर्ण", "पुढच्यावर अवलंबून", "आधीच बंद". सगळा माल त्यात बसवा आणि प्रत्येक रकान्यात किती रुपये अडकलेत ते लिहा. दुसऱ्या रकान्यात एकूण मालाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त पैसा असेल, तर पुढची खरेदी थांबवा आणि आधी तो कमी करा.

तिसऱ्या रकान्यातल्या मालासाठी पाटी आजच लिहा. खरी माहिती लिहा.

हिशोब करताना अडलात तर व्हिडिओखाली आकडे टाका, पुढच्या रविवारी थेट भेटीत एकेक घेऊ. पुढचा धडा: ठोक व्यापाऱ्याचं बिल कसं वाचायचं, मागच्या बाजूसकट.

भेटू. धंदा जपा, गिऱ्हाईक त्याहून जपा.